परदेशाची पहिली सीमा सहारच्या काउंटरवर: प्रवेशाचे नियम कसे तपासायचे

मार्च 2020 मध्ये भारतातून परदेशी जाणारी नियमित प्रवासी विमानं थांबली, ती पुन्हा सुरू झाली थेट 27 मार्च 2022 ला. मधल्या काळात वंदे भारत, एअर बबल, आरटी-पीसीआर, एअर सुविधा हे शब्द घराघरांत पोचले. त्यातलं आता जवळपास काही उरलेलं नाही. भारतात येणाऱ्यांनी भरायचा एअर सुविधाचा आरोग्यविषयक फॉर्म 22 नोव्हेंबर 2022 ला बंद झाला (चीन, जपान, थायलंडसह सहा ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी तो जानेवारी 2023 मध्ये थोडे दिवस परत आला होता). जपानने 29 एप्रिल 2023 ला आणि अमेरिकेने 12 मे 2023 ला लशीच्या अटी काढून टाकल्या.

मग सगळं 2019 सारखं झालं, असं समजून लोक निघतात आणि तिथेच अडकतात. कोविडचे कागद गेले तरी साथीच्या काळात सरकारांना लागलेल्या दोन सवयी राहिल्या. एक, प्रवाशाची माहिती तो विमानात बसायच्या आधीच ऑनलाइन मागून घ्यायची. दुसरी, नियम चार-आठ दिवसांच्या सूचनेवर बदलायचा. त्यामुळे 'आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो तेव्हा काही लागलं नव्हतं' हे वाक्य कितीही खरं असलं तरी तुमच्या उपयोगाचं नाही.

खरा निर्णय कोण घेतं

बँकॉकच्या किंवा पॅरिसच्या इमिग्रेशन अधिकाऱ्यापुढे तुम्ही उभे राहाल ते नंतर. तुमचे कागद पहिल्यांदा तपासतो तो मुंबईच्या सहार विमानतळाच्या टर्मिनल 2 वरचा एअरलाइनचा कर्मचारी. त्याच्यासमोरच्या संगणकावर टिमॅटिक नावाची माहितीप्रणाली असते. विमान कंपन्यांची संघटना आयाटा ती चालवते. तुमचं नागरिकत्व, पासपोर्टची मुदत, कुठे जाताय, वाटेत कुठे विमान बदलताय, किती दिवस राहणार, एवढं टाकलं की काय लागतं ते तिथे दिसतं. अपुऱ्या कागदांवर प्रवासी नेला तर एअरलाइनला दंड बसू शकतो आणि त्याला परत आणण्याची जबाबदारीही तिच्यावरच येते. म्हणून 'एजंटने सांगितलंय, काही लागत नाही' या बोलण्याला काउंटरवर किंमत नसते. त्या कर्मचाऱ्याची चूक नाही, त्याला स्क्रीनवर दिसेल तेच मानावं लागतं.

मग आपणही तीच माहिती आधी बघावी. बऱ्याच एअरलाइनच्या साइटवर प्रवासाची कागदपत्रं तपासायचं पान असतं, त्यामागे बहुधा टिमॅटिकच असतं. ते एकदा बघा आणि शेजारी त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याची किंवा वकिलातीची साइट उघडा. दोन्हीकडे एकच उत्तर आलं तर प्रश्न मिटला. वेगळं आलं तर जी अट जास्त कडक ती पाळायची. शिवाय वकिलातीला ईमेल करून लेखी उत्तर मागायचं आणि ते छापून जवळ ठेवायचं.

ही तपासणी चार वेळा करावी: तिकीट काढण्याआधी, व्हिसाचा अर्ज भरताना, निघायच्या आठवडाभर आधी आणि निघायच्या आदल्या दिवशी. नियम लागू होतो तो तुम्ही उतराल त्या दिवशीचा, तिकीट काढलं त्या दिवशीचा नाही. 'भारतीयांना व्हिसा न लागणारे देश' अशा याद्या व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरत राहतात. सर्बियाने भारतीयांची व्हिसामुक्ती 1 जानेवारी 2023 पासून काढली, इराणने 22 नोव्हेंबर 2025 पासून स्थगित केली. जुन्या याद्यांत दोघांचीही नावं अजून सापडतील.

नियम वाचताना

नियम कमी शब्दांत लिहिलेला असतो आणि चूक होते ती न लिहिलेल्या भागात. पहिलं बघायचं ते नियम नागरिकत्वावर आहे, राहत्या देशावर आहे की गेल्या काही दिवसांतल्या प्रवासावर. पिवळ्या तापाचा नियम तिसऱ्या प्रकारचा आहे. तो भारतीय पासपोर्टसाठी म्हणून नाही, तुम्ही नुकते कुठून आलात त्यावर लागतो. दुबईला उतरल्यावर व्हिसा मिळण्याची सोयही सरसकट भारतीयांना नाही, अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ अशा ठरावीक ठिकाणांचा वैध व्हिसा अथवा तिथला रहिवासी परवाना असलेल्यांना आहे.

दुसरं, मुदत कुठून मोजायची. साथीच्या काळात '72 तासांच्या आतला रिपोर्ट' यावरून किती जणांची विमानं चुकली! 72 तास नमुना दिल्यापासून की रिपोर्ट आल्यापासून, आणि विमान सुटेपर्यंत की उतरेपर्यंत, हे देशागणिक वेगळं असे. तोच घोळ आता आगमन फॉर्मच्या बाबतीत होतो, त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

तिसरं सगळ्यांत महाग पडतं. व्हिसाची मुदत आणि राहायची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) स्टिकरवर 'पासून–पर्यंत' अशा दोन तारखा असतात आणि खाली राहण्याचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. तारखा 30 दिवसांच्या असल्या आणि खाली 15 लिहिलं असेल, तर 15 च दिवस राहता येतं. उतरल्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. बहुप्रवेशी व्हिसा असेल तर कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपात टप्प्याटप्प्याने नवी नोंदणी पद्धत आली आहे. त्यात शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि, व्हिसाच्या वेळी दिलेले नसतील तर, बोटांचे ठसे घेतात (12 वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत) आणि दिवसांचा हिशेब संगणकच ठेवतो. पूर्वी पुसट शिक्क्याच्या आधाराने निभावून जायचं, तसं आता होणार नाही. अमेरिकेचा व्हिसा 10 वर्षांचा असला तरी एका खेपेला किती राहायचं ते तिथला अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-94 या नोंदीत येते. उतरल्यावर ती नोंद ऑनलाइन बघून तारीख टिपून ठेवा.

पासपोर्ट

सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिराती अशा बऱ्याच ठिकाणी उतरताना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. शेंगेनसाठी तिथून परत निघण्याच्या तारखेपुढे तीन महिने आणि दोन कोरी पानं. घरातल्या मोठ्यांचे पासपोर्ट 10 वर्षांचे असतात, पण लहान मुलांचा 5 च वर्षांचा. चौघांच्या कुटुंबात हमखास मुलाचीच मुदत बघायची राहते.

मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नवा पासपोर्ट काढता येतो. मुंबईकरांसाठी अंधेरी, मालाड, लोअर परळ आणि ठाणे इथे पासपोर्ट सेवा केंद्रं आहेत. विभागीय कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) विदेश भवनात. 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये, 60 पानीची 2000, तत्काळ हवा असेल तर वर 2000. वरचेवर फिरणाऱ्याने 60 पानीच घ्यावा, 500 रुपये वाचवून तीन वर्षांत पानं संपवण्यात अर्थ नाही.

जुन्या पासपोर्टवर चालू व्हिसा असेल तर जुना-नवा दोन्ही सोबत ठेवायचे. कागदी व्हिसा असा चालतो. ई-व्हिसा मात्र पासपोर्ट क्रमांकाला बांधलेला असतो. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या-नोकरी करणाऱ्यांची रहिवासी परवान्याची जुनी प्लास्टिकची कार्डं 31 डिसेंबर 2024 ला संपली, आता त्यांचा दर्जा ऑनलाइन खात्यात असतो. नवा पासपोर्ट काढल्यावर त्या खात्यात नवा क्रमांक जोडला नाही, तर पोरगं सुट्टीवरून परत जाताना सहारलाच अडकतं.

नावाचा प्रश्न मराठी घरांत विशेष येतो. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून एका रकान्यात असतं आणि आडनाव वेगळ्या. तिकिटावर दोन्ही रकाने जसेच्या तसे उतरवायचे. लग्नानंतर पासपोर्ट माहेरच्या नावाचा राहिला असेल तर तिकीटही माहेरच्याच नावाने काढा, निमंत्रण आणि हॉटेलही त्याच नावाने. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच आहे त्यांनी अमिरातीला जाताना जपावं. 21 नोव्हेंबर 2022 पासून तिथे भेटीच्या आणि पर्यटन व्हिसावर एकच नाव असलेला पासपोर्ट चालत नाही. मागच्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर सूट मिळते, पण ती एअरलाइनकडून आधी लेखी पक्की करून घ्या.

नातवंडाला घेऊन आजी-आजोबा किंवा आई-वडिलांपैकी एकटं कुणी निघत असेल तर सोबत नसलेल्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र, त्याच्या पासपोर्टची प्रत आणि मुलाचा जन्मदाखला सोबत हवा. सगळीकडे मागतात असं नाही, पण ज्या दिवशी मागतील त्या दिवशी रात्री दोन वाजता नोटरी मिळत नाही.

व्हिसा, आणि वाटेतला देश

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावा लागतो. 15 हा आकडा कागदावरचा. निकालाला 45 दिवसांपर्यंत लागू शकतात आणि मे-जूनच्या सुट्टीसाठी मुंबईत अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही. तेव्हा तीन महिने आधी हात घाला. फी 11 जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, व्हिसा सेवा केंद्राचं शुल्क वेगळं. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि तो संपूर्ण मुक्कामाचा हवा. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे जास्त रात्री राहणार तिथे, आणि रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. 'अमक्या देशाची अपॉइंटमेंट मिळाली म्हणून' तिथे अर्ज टाकून भलतीकडेच राहायला जाणं हे नकाराला आमंत्रण आहे. एप्रिल 2024 पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांना एक चांगली सवलत आहे. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर साधारणपणे पुढचा दोन वर्षांचा बहुप्रवेशी मिळतो.

अमेरिकेसाठी बीकेसीच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत होते. 2 सप्टेंबर 2025 पासून मुलाखतीची सूट बरीच आवळली आहे. पूर्वी 14 वर्षांखालच्या मुलांना आणि 79 वर्षांवरच्या ज्येष्ठांना साधारणपणे जावं लागत नसे, आता बहुतेकांना जावं लागतं.

विमान बदलण्याचा देश लोक पार विसरतात. अमेरिकेत व्हिसाशिवाय विमान बदलता येत नाही, मेक्सिकोला जाताना मधे दोन तास थांबायचं असलं तरी. कॅनडालाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनच्या आत राहून विमान बदलणार की बाहेर येऊन, यावर नियम वेगळा. मुंबई–फ्रँकफर्ट–रोम अशा प्रवासात शेंगेनचा प्रवेश फ्रँकफर्टलाच होतो, तिथल्या रांगेसाठी दोन तास तरी हाताशी ठेवा.

स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडणाऱ्यांची फसगत सर्वांत वाईट. पहिल्या एअरलाइनला पुढचं तिकीट माहीत नसतं. सामान मधल्या शहरातच उतरतं, ते घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं आणि त्यासाठी त्या देशाचा पूर्ण व्हिसा लागतो. एका पीएनआरवर तिकीट असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही. तिकीट काढतानाच विचारा: सामान शेवटच्या मुक्कामापर्यंत टॅग होणार का?

आगमनाचा ऑनलाइन फॉर्म

विमानात वाटला जाणारा कागद गेला, त्याच्या जागी हा आला. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, मलेशियाचं डिजिटल कार्ड (डिसेंबर 2023 पासून), थायलंडचं डिजिटल कार्ड टीडीएसी (1 मे 2025 पासून), इंडोनेशियाचा 'ऑल इंडोनेशिया' फॉर्म (ऑक्टोबर 2025 पासून). सगळे मोफत, सगळे साधारण आगमनाच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे. हा व्हिसा नव्हे. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवस व्हिसामुक्त केलं तरी कार्ड लागतंच. सिंगापूरला व्हिसाही लागतो आणि कार्डही.

तीन दिवस मोजायचे ते आगमनाच्या तारखेपासून मागे, तिथल्या घड्याळाने. मुंबईहून रात्री साडेअकराला सुटलेलं विमान बँकॉकला दुसऱ्या दिवशी पहाटे उतरतं. थायलंड आपल्या दीड तास पुढे, सिंगापूर अडीच तास. फॉर्ममध्ये सुटण्याची तारीख टाकली की नोंद एक दिवस चुकते. तिकिटावरच्या वेळेशेजारी '+1' आहे का ते बघूनच तारीख लिहा.

भरायला माणशी दहा मिनिटं लागतात आणि तान्ह्या बाळाचाही वेगळा भरावा लागतो. हाताशी पासपोर्ट, विमानाचा क्रमांक, हॉटेलचा पूर्ण पत्ता आणि पिनकोड ठेवा. पासपोर्ट क्रमांकात शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत टाळायला फोटोच्या पानाखालच्या दोन ओळींशी ताडून पाहा. क्यूआर कोड आला की स्क्रीनशॉट काढा आणि एक छापील प्रत घ्या, परक्या विमानतळाच्या वायफायवर विसंबू नका.

पैसे मागणारी साइट दिसली की पान बंद करा. गूगलवर वरच्या जाहिरातींत हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइट असतात, त्या मोफत फॉर्मचे दोन-पाच हजार उकळतात आणि पासपोर्टची प्रतही ठेवून घेतात. पत्त्याचा शेवट पाहावा: थायलंडचा 'गो डॉट टीएच', सिंगापूरचा 'गव्ह डॉट एसजी', मलेशियाचा 'गव्ह डॉट एमवाय'. बालीचा पर्यटन कर मात्र खरा आहे, 14 फेब्रुवारी 2024 पासून माणशी दीड लाख रुपिया. तो फॉर्मपेक्षा आणि उतरल्यावरच्या व्हिसाच्या पाच लाख रुपियांपेक्षा वेगळा.

पिवळा ताप: परतीच्या वाटेवरचा नियम

केनियाच्या सफारीला जाणाऱ्यांना हे आधी सांगायला हवं. भारतात पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा एडिस डास मुबलक आहे. म्हणून आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या बाधित देशांतून येणाऱ्यांकडे भारत लशीचं प्रमाणपत्र मागतो, आपल्या नागरिकांकडेही. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. जाताना कुणी अडवलं नाही म्हणून येताना चालेल, असं होत नाही.

लस घेतल्यावर प्रमाणपत्र वैध होतं ते दहाव्या दिवसानंतर. आयुष्यात एकदाच घ्यावी लागते, जुलै 2016 पासून दर दहा वर्षांनी घ्यायची अट गेली. सरकारने नेमलेल्या केंद्रातलंच प्रमाणपत्र चालतं, सहारची एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन त्यांपैकी एक. फॅमिली डॉक्टरकडे टोचून घेऊन उपयोग नाही. वेळ आधी घ्यावी लागते, म्हणून महिनाभर आधी लागा. पिवळ्या पुस्तिकेवरचं नाव आणि क्रमांक पासपोर्टशी अक्षरशः जुळायला हवेत. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत. साठी ओलांडलेले, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं, कारण लस जिवंत विषाणूची आहे.

हज आणि उमराहच्या यात्रेकरूंना मेंदूज्वराची (मेनिंजायटिस) चार प्रकारांवरची लस लागते, पोचण्याच्या किमान 10 दिवस आधी.

सामानातली खसखस

अनारसे दुबईच्या किंवा सिंगापूरच्या लेकीला पाठवू नका. खसखस दोन्हीकडे बंदी असलेल्या पदार्थांत येते आणि पीठ-मसाल्यात मिसळलेली असली तरी सुटका नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांनाही अमिरातीत आधी परवानगी लागते. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करा. पेढे-बर्फी काढून घेतील फार तर, पण लपवल्याचा दंड मोठा असतो.

नोकरीसाठी जाणाऱ्यांनी

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा ईसीआर, म्हणजे नोकरीसाठी जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते, असा शेरा असतो. आखाती देश, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, इराक, लेबनॉनसह 18 देशांत नोकरीला जाताना त्यांना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून ही मंजुरी घ्यावी लागते. पर्यटक व्हिसावर पाठवून 'तिकडे गेल्यावर बदलून देतो' म्हणणाऱ्या एजंटला पासपोर्ट देऊच नका. आग्नेय आशियातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या तळांवर मुलं याच रस्त्याने पोचवली जातात. मुंबईचे इमिग्रेशन अधिकारी अशा प्रवाशांना परतीचं तिकीट, हॉटेल, पैसे असं सगळं विचारतात, ते याचसाठी.

निघायच्या दिवशी

तिकिटावरचा विमानतळाचा कोड बघा. बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे उलव्याचं नवी मुंबई विमानतळ, जे 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालं. सहारला जाऊन मग कळलं तर वेळेत उलवं गाठणं अवघड. वरचेवर जाणाऱ्यांनी फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची नोंदणी करून ठेवावी. ती मोफत आहे, मुंबईत जानेवारी 2025 पासून चालू आहे आणि पाच वर्षं किंवा पासपोर्टच्या मुदतीपर्यंत चालते.

तीन तास आधी पोचा. एवढा वेळ रांगेसाठी लागतोच, शिवाय काउंटरवर काही निघालं तर निस्तरायलाही लागतो. अडवलं तर आवाज चढवू नका, नेमकं काय कमी आहे ते विचारा आणि टिमॅटिकमधला तो मजकूर दाखवायची विनंती करा. कित्येकदा कर्मचाऱ्याने मुक्कामाचे दिवस किंवा मधला थांबा चुकीचा टाकलेला असतो, दुरुस्त केला की वाट मोकळी होते. राहिलेला फॉर्म असेल तर बाजूला बसून मोबाइलवर भरता येतो. खरोखरच जाता येणार नसेल तर काउंटर बंद व्हायच्या आत तिकीट रद्द किंवा पुढच्या तारखेचं करून घ्या. नुसतं घरी परतलात तर तुम्ही 'नो-शो' ठरता आणि परतीच्या तिकिटावरही पाणी पडतं. नाकारल्याचं कारण लेखी मागून घ्या, विम्याच्या किंवा परताव्याच्या अर्जाला तोच कागद लागतो.